लुडबूड केली नाही म्हणून आभार

काका,

मी कोल्हापूरची. वय २९, बँकेत नोकरी. माझा दादा पुण्यात एका मराठी रॉक बँडमध्ये गातो, बारा वर्षं झाली. त्यांच्या दोन्ही अल्बममधली सगळी गाणी मला तोंडपाठ आहेत. दोन वर्षांपूर्वी त्यानं बँड चालू ठेवून स्वतःचा वेगळा प्रोजेक्ट सुरू केला. मुंबईतला एक प्रोड्युसर मित्र आणि दादा, दोघंच. गिटार नाही, ड्रमर नाही, सगळं लॅपटॉपवर. त्याच्या मिक्सिंग-मास्टरिंगसाठी मी एफडी मोडून ८० हजार दिले. महिन्यापूर्वी अल्बम आला. नऊ गाणी. पहिल्या रात्री हेडफोन लावून तीनदा ऐकला आणि रडू आलं. आवाज दादाचा आहे, पण दादा कुठेच नाही. सातव्या गाण्यात एका ठिकाणी त्याचा श्वास ऐकू येतो, बहुतेक कापायचा राहून गेला असेल. तेवढाच काय तो माझा दादा.

मी त्याला अजून काहीच बोललेले नाही. ‘नीट ऐकते, मग सांगते’ म्हणत महिना काढला. वहिनी म्हणते, आत्ता बोलू नकोस, खचेल. बँडमधल्या दोघांनी फोन करून सांगितलं, ‘तूच बोल, तुझंच ऐकतो तो.’ त्यातला एक म्हणाला, ‘एका परीनं बरंच झालं, आता येईल परत.’ ते मला फार लागलं. दादा मात्र बँड सोडायचं म्हणतोय आणि याच अल्बमची एलपी, म्हणजे जुन्या पद्धतीची मोठी तबकडी, काढायला आणखी पैसे उभे करतोय. भाऊबीजेला येणार आहे. परवा फोनवर म्हणाला, ‘सगळे भारी म्हणतात आणि तूच गप्प. खरं काय ते सांग.’ खरं सांगितलं तर त्याला वाटेल, पैसे बुडाले म्हणून बोलतेय. काय करू?

– तुमच्या लेकीसारखी, एक वाचक

*

लेकीसारखी म्हणालीस, म्हणून अगं-तुगं करतो.

सांग. एवढं आधी लिहून टाकतो, कारण भाऊबीज जवळ आली आहे आणि माझं उत्तर लांबणार आहे. त्यानं स्वतः विचारलंय आणि तू महिनाभर गप्प आहेस, म्हणजे अर्धं उत्तर त्याला पोचलेलंच आहे. अर्धं उत्तर फार वाईट. उरलेलं अर्धं माणूस रात्री जागून स्वतःच रचतो, आणि ते खऱ्यापेक्षा भयंकर असतं.

काय, कसं आणि केव्हा सांगायचं ते पुढे येईलच. त्याआधी एका अल्बमची गोष्ट ऐक, कारण तुझं पत्र वाचताना मला सारखी त्याच्या वेष्टनावरची एक ओळ आठवत होती.

१९८५ च्या एप्रिलमध्ये फ्रेडी मर्क्युरीचा पहिला एकट्याचा अल्बम आला, ‘मिस्टर बॅड गाय’. क्वीन या ब्रिटिश रॉक बँडचा हा गायक. मूळ नाव फारोख बलसारा, झांझिबारच्या पारशी घरातला मुलगा, आणि शाळा पाचगणीची, सेंट पीटर्स. मी वाईचा. पसरणीचा घाट चढून वर गेलं की पाचगणी, त्यामुळे आम्हा घाटाखालच्यांना या माणसाबद्दल घरच्यासारखी माया वाटते. पाचगणीतच तो पियानो शिकला, आणि तिथल्याच मुलांच्या ‘द हेक्टिक्स’ नावाच्या बँडमध्ये वाजवायला लागला. म्हणजे त्याचं संगीत सुरू झालं तेच चार-पाच जणांच्या घोळक्यात, एकमेकांच्या पायात पाय अडकवत.

‘मिस्टर बॅड गाय’ त्यानं आपल्या मांजरांना आणि जगभरच्या मांजरप्रेमींना अर्पण केला आहे. आणि क्वीनमधल्या तिघांचे, ब्रायन मे, रॉजर टेलर आणि जॉन डीकन यांचे, खास आभार मानले आहेत. कशाबद्दल? लुडबूड केली नाही म्हणून.

गमतीनं लिहिलंय, हे उघड आहे. पण तो अल्बम ऐकल्यावर ही ओळ माझ्या मनातून कधी गेली नाही. अकराच्या अकरा गाणी त्याची एकट्याची. म्युनिकच्या म्युझिकलँड स्टुडिओत, माक या निर्मात्याबरोबर बसून केलेली. हा माक क्वीनचाच जुना माणूस, म्हणजे कोपऱ्यात कुणी अनाडी बसलेला होता असंही नाही. आवाज तर त्या काळात त्याचा ऐन भरात होता. तरी अल्बम हातातून निसटतो. ब्रिटनमध्ये तो सहाव्या क्रमांकापर्यंत चढला, अमेरिकेत मात्र १५९ वर थांबला. आणि आकडे बाजूला ठेवले तरी माझं मत तेच आहे: क्वीनच्या कुठल्याही बऱ्या अल्बमशेजारी तो ठेवला की पातळ लागतो.

का, ते मी माझ्या धंद्याच्या बाजूनं सांगतो. पंचवीस वर्षं मी साउंडच्या कन्सोलमागे बसलो आहे. गायक वर चढतो तेव्हा त्याच्या शेजारचे काय करतात, यावर त्याचं चढणं कसं ऐकू येईल हे ठरतं. क्वीनमध्ये फ्रेडी वर गेला की ब्रायनची गिटार दुसऱ्या गायकासारखी मध्ये शिरते. रॉजरचा पातळ, उंच आवाज कधी कधी त्याच्याही वर जाऊन उभा राहतो. डीकनचा बेस खाली कमी बोलतो, पण जिथं बोलतो तिथं गाण्याला वळावंच लागतं. या सगळ्यांना जागा देता देता फ्रेडीला आपली ओळ आवळावी लागते, धार लावावी लागते. एकट्याच्या अल्बममध्ये सगळी जागा मोकळी. मग तो ती सगळी भरतो. इकडे सिंथेसायझर, तिकडे ड्रम्स, सगळे सांगितलेल्या जागी नीट बसलेले, कुणी उलटून बोलत नाही. गाणं पहिल्या ओळीला जिथं असतं तिथंच शेवटच्या ओळीलाही असतं, फक्त मोठ्या आवाजात.

हे मी मनचं सांगत नाही, याचा पुरावा आहे. १९९१ च्या नोव्हेंबरात फ्रेडी गेला. नंतर उरलेल्या तिघांनी त्याच्या ध्वनिफितींवर काम करून १९९५ मध्ये ‘मेड इन हेवन’ हा क्वीनचा अल्बम काढला. त्यात ‘मिस्टर बॅड गाय’मधली दोन गाणी घेतली: ‘मेड इन हेवन’ आणि ‘आय वॉज बॉर्न टू लव्ह यू’. फ्रेडीचा आवाज जुनाच ठेवला, भोवतीची वाद्यं नव्यानं वाजवली. जमलं तर भाऊबीजेआधी ही दोन्ही रूपं लागोपाठ ऐक. तोच गळा, तेच शब्द, तीच चाल. १९८५ चं ‘आय वॉज बॉर्न टू लव्ह यू’ नाचाच्या गाण्यासारखं चकचकीत आणि गुळगुळीत. १९९५ च्या रूपात गिटार येऊन भिडते आणि त्याच जुन्या आवाजात अचानक तहान ऐकू येते. ती तहान आधीही तिथं होतीच. तिला घासायला कुणी नव्हतं.

‘मिस्टर बॅड गाय’मध्ये आणखी एक गाणं आहे, ‘लिव्हिंग ऑन माय ओन’. १९८५ मध्ये सिंगल म्हणून आलं तेव्हा ब्रिटनच्या यादीत पन्नासाव्या क्रमांकावर अडकलं. १९९३ मध्ये दुसऱ्यांनी रीमिक्स केलं आणि पहिल्या क्रमांकावर गेलं. ते रीमिक्स मला स्वतःला फारसं आवडत नाही, पण ती गोष्ट वेगळी. मुद्दा लुडबुडीचा आहे.

आता दादाकडे वळू. तुझ्या पत्रात एक गोष्ट नाही, आणि तिच्याशिवाय तुला त्याच्याशी बोलता येणार नाही. त्यानं हा प्रोजेक्ट का काढला? बारा वर्षं बँडमध्ये म्हणजे बारा वर्षं प्रत्येक ओळीला मत पडणार. कोरस लांबला, काप. हा शब्द मराठीत गाता येत नाही, बदल. हे गाणं सेटलिस्टमध्ये नको, लोक पाणी प्यायला जातात. जॅमपॅडचं, म्हणजे तालमीच्या खोलीचं, भाडं तासावर, आणि त्यातला अर्धा तास भांडणात. मी असे बँड जवळून पाहिले आहेत. गायकाच्या डोक्यात वीस चाली असतात आणि त्यातल्या दोन बाहेर येतात. उरलेल्या अठरा कुठं जातात? फ्रेडीचंही तेच झालं होतं. त्याला नाचाच्या संगीताची ओढ होती. १९८२ मध्ये क्वीननं ‘हॉट स्पेस’ नावाचा त्या वळणाचा अल्बम केला, तर चाहते बिथरले आणि ब्रायन, रॉजर यांनाही तो फारसा पटलेला नव्हता. मग माणूस म्हणतो, मी माझं एकट्यानं करतो. त्यात गद्दारी काहीच नाही. रॉजर टेलरनं तर फ्रेडीच्या चार वर्षं आधीच स्वतःचा अल्बम काढला होता.

म्हणून दादासमोर बसशील तेव्हा पहिलं वाक्य अल्बमबद्दलचं नसू दे. त्याला विचार, ‘यात तुला काय करून बघायचं होतं, जे बँडमध्ये जमत नव्हतं?’ आणि मग ऐक. मध्ये बोलू नकोस. त्याचं उत्तर अल्बमपेक्षा चांगलं निघेल असा माझा अंदाज आहे. तसं निघालं की तुझं काम निम्मं झालं, कारण मग तुला म्हणता येईल, ‘दादा, हे जे तू आत्ता सांगितलंस ना, ते मला गाण्यात ऐकू आलं नाही.’ हे वाक्य खरं आहे, आणि त्यात तू त्याच्या बाजूला उभी आहेस.

भाऊबीजेच्या दिवशी मात्र नको. घरात आई-बाबा, वहिनी, फराळाची ताटं, आल्यागेल्याची वर्दळ. ओवाळून झाल्यावर भावाला तुझा अल्बम फसला म्हणून सांगायचं, हे कुठल्याच बहिणीला शोभणार नाही, आणि त्यालाही सगळ्यांसमोर हसून साजरं करावं लागेल. दुसऱ्या दिवशी सकाळी दोघं रंकाळ्यावर चालायला जा. चालताना समोरासमोर बघावं लागत नाही, बोलायला सोपं जातं. फोनवर तर मुळीच सांगू नकोस, आणि मेसेजमध्ये त्याहून नाही. लिहिलेलं वाक्य तो वीस वेळा उघडून वाचेल.

त्याआधी तुझं एक काम. तू हा अल्बम तीनदा ऐकलास, पण तिन्ही वेळा एकाच रात्री, हेडफोनवर, आणि ८० हजार मनात ठेवून. ते ऐकणं पुरेसं नाही. आता तो स्वयंपाकघरातल्या स्पीकरवर लाव, चिवडा परतताना, दुसऱ्याच कामात असताना. दोन-तीन दिवस. मग बघ, कुठली ओळ तुझ्या तोंडात आपोआप येते. एकही आली नाही तर तेही कळेल. पण नऊ गाण्यांत एखादी येईल, आणि ती तुला सांगायला हवी. खोटी भर म्हणून सांगू नकोस. गाणाऱ्याला ‘छान’ आणि ‘वाईट’ या दोन्ही शब्दांचा काही उपयोग नसतो. ‘चौथ्या गाण्यात तू दुसऱ्या कडव्याला खाली उतरतोस तिथं मला थांबायला झालं’, याचा उपयोग असतो. असं बोट ठेवून सांगितलेलं वाईटही तो सोसेल.

‘बँडमध्ये असताना तू असा गायचास’ हे वाक्य मात्र त्या दिवशी तोंडातून काढू नकोस. खरं असलं तरी. बारा वर्षांच्या त्या तुलनेतून बाहेर पडायलाच तो निघाला होता.

आता पैशाचं. हे तू पत्राच्या शेवटी ढकललंस, पण मला वाटतं तुझ्या मनात ते पहिलं आहे, आणि त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही. एफडी मोडली म्हणजे काय हे बँकेत बसणाऱ्या मुलीला मी काय सांगणार. तुला स्वतःशी आधी ठरवावं लागेल: ते पैसे दिले होते की उसने दिले होते? दिले असतील, तर तो आला की पहिल्याच संध्याकाळी, अल्बमचा विषय निघायच्या आधी, स्पष्ट सांग. ‘दादा, ते ८० हजार माझ्याकडून तुझ्या गाण्याला होते, ते मी हिशेबात धरलेले नाहीत.’ एकदाच सांग, पुन्हा नाही. उसने दिले असतील, तर तेही सांग, पण वेगळ्या दिवशी, तारीख आणि हप्ता धरून, व्यवहारासारखं. परतफेडीचं बोलणं आणि गाण्याचं बोलणं एका बैठकीत आलं, तर तो फक्त परतफेडीचंच ऐकेल. माझ्या पाहण्यात दोन सख्खे भाऊ आहेत. धाकट्याच्या पहिल्या रेकॉर्डिंगचा खर्च थोरल्यानं केला आणि पुढं त्याचं प्रत्येक मत धाकट्याला व्याजासारखं वाटत राहिलं. थोरला खरोखर गाण्यातला जाणकार होता. त्याच्या जाणकारीचा कुणालाच उपयोग झाला नाही.

बँडमधल्या दोघांचा निरोप तू पोचवायचा नाहीस. अजिबात नाही. बारा वर्षं एका व्हॅनमधून फिरलेली माणसं, त्यांना दादाला फोन करता येत नाही? ‘तुझंच ऐकतो तो’ म्हणून त्यांनी आपलं अवघड काम तुझ्या गळ्यात घातलं आहे. आणि ‘बरंच झालं, आता येईल परत’ हे वाक्य तुला लागलं ते बरोबरच लागलं. त्याच १९८५ साली, फ्रेडीच्या दोन महिने आधी, त्याच कंपनीकडून रोलिंग स्टोन्स या बँडच्या गायकाचा, मिक जॅगरचाही पहिला एकट्याचा अल्बम आला होता, ‘शी इज द बॉस’. त्याचा जन्माचा जोडीदार कीथ रिचर्ड्स. त्यानं आत्मचरित्रात त्या अल्बमची तुलना हिटलरच्या पुस्तकाशी केली आहे: प्रत्येकाच्या घरी होता, ऐकला कुणीच नाही. लोक हे वाक्य हसत हसत सांगतात. मला ते ऐकून दर वेळी वाईट वाटतं. ज्या माणसाचं मत जॅगरला सर्वांत जास्त मोलाचं असेल, त्याच्याकडून हे आलं, आणि तेही अल्बमला पंचवीस वर्षं उलटल्यावर. मधल्या काळात त्या दोघांचं इतकं फाटलं होतं की १९८६ च्या अल्बमनंतर स्टोन्स दौऱ्यावर गेलेच नाहीत. पुन्हा दौरा निघाला तो १९८९ मध्ये, दोघं बार्बाडोसला एकत्र बसून गाणी लिहायला लागल्यावर. कीथचं म्हणणं चूक होतं असं मी म्हणत नाही. तो अल्बम मलाही आवडत नाही. पण जोडीदाराच्या पडण्यात ज्याला समाधान वाटतं, त्याच्या तोंडून आलेलं खरंही कामाचं उरत नाही. बँडमधल्या त्या मुलाला तू एवढंच सांग: दादाशी तूच बोल, पण बरं झालं असं वाटायचं थांबेल तेव्हा बोल.

वहिनीचं म्हणणं मी उडवून लावणार नाही. ती रोज त्याच्याबरोबर राहते, तो जेवतो किती आणि झोपतो किती हे तिला दिसतं. म्हणून बोलायच्या आधी तिला विश्वासात घे. ‘खचेल’ म्हणजे नक्की काय, ते तिला विचार. तो नेहमीसारखा कामाला लागत असेल, चिडत-हसत असेल, तर बोलायला हरकत नाही. पण माणसांत येणं बंद झालं असेल, जगण्याबद्दलच निराशेचं बोलत असेल, तर अल्बम राहू दे बाजूला, त्याला घेऊन आधी डॉक्टरकडे जा. गाणं कुठं जात नाही.

आता बँड सोडण्याचं आणि एलपीचं. हे दोन वेगळे प्रश्न आहेत.

बँड सोडायचा की नाही, यावर तू मत देऊ नकोस. त्यानं विचारलेलं नाही. शिवाय बँडबाहेर गेलं की संपलं, असंही नसतं. फ्रेडीच्या गोष्टीचा उरलेला भाग ऐक. ‘मिस्टर बॅड गाय’ आल्यावर अडीच महिन्यांनी क्वीन लंडनच्या वेम्ब्लीवर, दुष्काळग्रस्तांच्या मदतीसाठी झालेल्या लाइव्ह एड या कार्यक्रमाच्या मंचावर उभे राहिले, आणि त्या वीस-एक मिनिटांबद्दल जग आजही बोलतं. त्या वर्षाच्या शेवटी ‘वन व्हिजन’ हे गाणं आलं, चौघांच्या नावानं. पण फ्रेडी बँडमध्येच बसून राहिला नाही. तो पुन्हा बाहेर पडला, १९८८ च्या ‘बार्सिलोना’साठी. या वेळी शेजारी मोन्सेरात काबाये होत्या, स्पेनच्या ऑपेरा गायिका, ज्यांच्या आवाजाचा तो आधीपासून भक्त होता. त्या अल्बमवर, एका गाण्यातला डीकनचा बेस सोडला तर, क्वीनमधलं कुणी नाही, गिटारीचा दंगा नाही, तरी तो उभा राहतो. का? कारण शेजारी असा गळा आहे, की ज्याच्यासमोर ओळ सैल सोडायची सोय नाही. त्याला बँडच हवा होता असं नाही. ज्याच्यापुढं उभं राहताना तयारी करावी लागते, असं कुणीतरी हवं होतं.

मोठी नावं जमवली तरी हे आपोआप होत नाही. २०११ मध्ये सुपरहेवी नावाचा बँड आला होता, आठवत असेल. मिक जॅगर, डेव्ह स्ट्युअर्ट, जॉस स्टोन, डेमियन मार्ली आणि आपले ए. आर. रहमान. मी केवढ्या उत्सुकतेनं तो अल्बम लावला होता! त्यात ‘सत्यमेव जयते’ नावाचं गाणंसुद्धा आहे. पण गाण्यामागून गाणं गेलं तरी असं वाटत राहिलं, की एका दिवाणखान्यात पाच पाहुणे ‘आधी तुम्ही, आधी तुम्ही’ करत उभे आहेत. सगळे थोर, म्हणून कुणी कुणाला ‘हे जमलं नाही, पुन्हा गा’ म्हणत नाही. भीड भिकेची बहीण म्हणतात ते हेच. दौरा निघाला नाही, दुसरा अल्बम आला नाही.

तुझ्या दादाच्या प्रोजेक्टमध्ये दोघंच आहेत, आणि दोघं मित्र. प्रोड्युसरला गायक आवडतो, गायकाला प्रोड्युसर. तुझ्या पत्रात मला सर्वांत जास्त टोचलेली गोष्ट हीच. दोन वर्षांत त्या खोलीत तिसरं कुणी आलं होतं का? दादाला हे विचार. पुढच्या वेळी बँडमधलाच कुणी हवा असं नाही. एखादा तबलजी असेल, शब्दांवर भांडणारा एखादा कवी असेल. पण ज्याला ‘नाही’ म्हणता येतं, असा माणूस त्या खोलीत हवा.

एलपीबद्दल मात्र बोल, कारण तिथं पैसा आणि वेळ दोन्ही जाणार आहे. एलपीसाठी मास्टरिंग वेगळं करून घ्यावं लागतं. साचा कापायचा खर्च प्रती शंभर काढा की पाचशे, तेवढाच येतो, आणि रक्कम आधी भरावी लागते. एकदा साचा कापला की गाणं बदलता येत नाही. म्हणून त्याला ‘काढू नकोस’ म्हणण्याऐवजी ‘थांब’ म्हण. आधी ही नऊ गाणी चार ठिकाणी जिवंत वाजवून बघ, लॅपटॉपबरोबर एक-दोन वादक घेऊन. लोकांसमोर आठ-दहा वेळा गायल्यावर गाणं कुठं बसतं आणि कुठं लोंबतं, हे गायकाच्या पोटालाच कळतं, बहिणीला सांगावं लागत नाही. मग हवं तर मिक्स पुन्हा उघडा, आणि त्यानंतर एलपी.

एक काम मात्र त्यानं उद्याच करावं. प्रत्येक गाण्याचे सगळे सुटे ट्रॅक, विशेषतः त्याच्या आवाजाचे, ऑटोट्यून (सूर आपोआप दुरुस्त करणारं सॉफ्टवेअर) लावायच्या आधीचे, प्रोड्युसरकडून मागून स्वतःच्या हार्ड डिस्कवर ठेवावेत. एक प्रत तुझ्याकडे कोल्हापुरात. उद्या त्या दोघांचं बिनसलं, लॅपटॉप बदलला, तर ते आवाज कायमचे जातात. फ्रेडीचा आवाज सुटा हाताशी होता म्हणूनच त्या दोन गाण्यांना दहा वर्षांनी गिटार मिळाली. तुझे ८० हजार कशात गेले याचं उत्तर कदाचित त्या फाइलींमध्ये असेल.

आणि त्या सातव्या गाण्याचा श्वास. तू लिहिलंस, कापायचा राहून गेला असेल. मला तसं वाटत नाही. नऊच्या नऊ गाण्यांत श्वास पुसून काढणाऱ्या माणसाच्या हातून एकच कसा राहील? कुणीतरी तो मुद्दाम ठेवला आहे. रंकाळ्यावर गेलात की दादाला विचार, कुणी ठेवला. प्रोड्युसरनं ठेवला असेल तर त्या मुलाबद्दल मी वर जे लिहिलं ते थोडं मागे घेतो. दादानं ठेवला असेल, तर बोलायला तिथूनच सुरुवात कर. जमलं तर ते गाणं मलाही पाठव, आणि मिक्स पुन्हा उघडलाच, तर त्या जागेला हात लावू नका म्हणावं.